नाजूक कातडीच्या घोडीसाठी तंग निवडताना

मैनाच्या डाव्या कोपरामागे दोन बोटं रुंद असा पांढऱ्या केसांचा डाग आहे. घोडी कुमैत, म्हणजे लालसर तपकिरी, अंगावर दुसरीकडे कुठेही पांढरा केस नाही, त्यामुळे तो लांबूनही दिसतो. पहिल्या वर्षी तिला मी जो तंग बांधत होते, त्याची ही खूण. खाटेच्या नवारीसारखा अरुंद नायलॉनचा पट्टा, कडा शिवलेल्या आणि टणक. मला शिकवलं होतं, "घोडी पोट फुगवून घेते, गुडघा लाव आणि गच्च आवळ." मी तसंच करत होते. ती मान वळवून माझ्या बाहीला दात लावायची, मी तिला दटावायचे, आणि आम्ही दोघी मखमलाबादच्या बाजूला द्राक्षबागांच्या कडेनं फिरायला निघायचो. कातडी सोलली तेव्हा कुठे माझे डोळे उघडले.

नाशिकच्या आसपास आता मळ्यावर एखादा मारवाडी किंवा काठियावाडी घोडा पाळणारी, नाहीतर मुलांना स्वारी शिकायला पाठवणारी माणसं भेटतात. नवा माणूस खोगिराची चौकशी चार ठिकाणी करतो, लगामाची करतो, पण तंग मात्र "खोगिराबरोबर जो आला तो" वापरतो. तंग म्हणजे खोगीर पोटाखालून बांधून ठेवणारा पट्टा. क्लबात त्याला गर्थ म्हणतात. स्वाराचा तोल आणि घोड्याचा श्वास, दोन्ही त्याच्यावर अवलंबून असतात. म्हणून जे मला उशिरा समजलं ते इथे क्रमानं लिहिते. क्रम मात्र मोडू नका. बहुतेक लोक थेट दुकानात जाऊन मऊ लोकरीचा तंग उचलतात, आणि महिन्याभरानं तक्रार करतात की घोडी तशीच चिडते.

आधी ती का चिडते ते शोधा

तंग हातात घेतल्यावर कान मागे पडणं, शेपूट फटकारणं, चावायला वळणं, मागचा पाय उचलणं, श्वास रोखून पाठ कमानीसारखी करणं, पहिली दहा पावलं लाकडासारखी टाकणं, ही सगळी तंगाबद्दलच्या नाराजीची लक्षणं. पण नाराजी तंगाबद्दल असली तरी दुखणं तंगात असेलच असं नाही.

सगळ्यात आधी पोटाचा विचार करा. घोड्याच्या जठरात आम्ल दिवसरात्र पाझरत असतं, पोटात काही असो वा नसो. चघळताना तयार होणारी लाळ हे आम्ल सौम्य करते. दिवसातून दोनदा चंदी आणि मधले सात-आठ तास रिकामी गव्हाण, असा आपल्याकडच्या अनेक पागांमधला शिरस्ता असतो, आणि त्यातून जठरात अल्सर होतात. शर्यतीच्या घोड्यांमध्ये तर हे फार सर्रास आढळतं. अशा घोड्याला तंग कसला की दुखणारच, मग तो मेंढीच्या लोकरीचा असो वा मखमलीचा. खात्री करायची तर सुमारे 3 मीटर लांबीचा एंडोस्कोप, म्हणजे कॅमेऱ्याची नळी, नाकातून जठरापर्यंत घालून पाहावं लागतं, आणि ती सोय सगळीकडे नसते. तरीही पशुवैद्यांना लक्षणं सांगा. ओमेप्राझोलसारखं आम्ल कमी करणारं औषध त्यांच्या सल्ल्यानंच द्या, मेडिकलमधून आणून स्वतःच्या मनानं नको. तोवर एक गोष्ट आपल्या हातात आहे: स्वारीआधी अर्धा तास तिला वैरण खाऊ द्या. लसूणघास मिळाला तर उत्तम, कारण त्यातलं कॅल्शियम आम्लाला आवर घालतं. रिकाम्या पोटी घोडा पळवला की आम्ल जठराच्या वरच्या, नाजूक भागावर उसळतं. खाल्लेल्या वैरणीचा थर त्याला थोपवतो.

मग हातानं तपासा. तंगाच्या जागेवर, म्हणजे दोन्ही कोपरांच्या मागून छातीच्या हाडापर्यंत, बोटांची टोकं हलकेच फिरवा. पावसाळ्यात आणि त्यानंतर इथे गोचीड दडून बसतात. घामानं खपली धरलेली असते, नायट्याचे गोल चट्टे असतात, बरगडीवर जुना मार असतो. एका बाजूलाच ती दचकत असेल तर नोंद करा. खोगीर नीट बसत नसेल, पाठ दुखत असेल, तरी राग तंगावरच निघतो, कारण तंग कसला की खोगीर पाठीवर दाबलं जातं. आणि काही घोड्यांना कुठेच दुखत नसतं, फक्त आठवण असते. त्यांना वेळ लागतो.

जखम असेल तर ती पूर्ण भरून केस येईपर्यंत खोगीर चढवायचंच नाही. तंगावर मऊ लोकरीची गवसणी घालून चालवून घेऊ, असं मनात येतं. मी घेतलं होतं. तो पांढरा डाग त्या घाईनंच पक्का झाला.

छाती वाचा

आता घोडीला सपाट जमिनीवर चौरस उभी करा आणि बाजूनं, जरा लांबून पाहा. पुढच्या पायांच्या मागे पोटाची खालची रेषा जिथे सगळ्यात अरुंद असते, ती तंगाची नैसर्गिक जागा. तंग तुम्ही कुठेही बांधा, चार पावलांत तो घरंगळत तिथेच जाणार.

मग नेहमीच्या पॅडसह खोगीर योग्य जागी ठेवा, म्हणजे खांद्याच्या हाडाच्या मागे. तंग न बांधता खोगिराचे पट्टे, म्हणजे ज्यांना तंगाची बकलं लावतात ते, मोकळे सोडा आणि ते कुठे लोंबतात ते पाहा. सरळ त्या अरुंद जागेवर पडत असतील तर तुमचं काम सोपं आहे, सरळ तंग चालेल. पण पट्टे मागे आणि जागा पुढे, कोपराला जवळजवळ चिकटून, असं असेल तर सरळ तंग पुढे सरकताना खोगिरालाही पुढे खेचतो. खोगीर खांद्यावर चढतं, तंगाची कड कोपरामागच्या सुरकुतीत घुसते, आणि घोडी पावलं आखडते. मैनाचं हेच होतं. मारवाडी जातीत छाती फार रुंद नसते आणि कातडी पातळ असते, त्यामुळे कड बोचली की लगेच लागते.

ही सुरकुती नीट ओळखून ठेवा. पुढचा पाय मागे गेला की कोपरामागची सैल कातडी गोळा होते, पुढे गेला की ताणली जाते. एका तासाच्या फेरीत हे हजारो वेळा घडतं. 2013 मध्ये इंग्लंडमधल्या संशोधकांनी तंगाखाली दाब मोजणारी चटई घालून घोडे चालवले. सर्वाधिक दाब मधल्या छातीच्या हाडावर असेल असं वाटतं, पण तो निघाला कोपरामागे. त्या जागेवरचा दाब टाळणारा आकार दिल्यावर तेच घोडे पुढचे पाय अधिक पुढे टाकू लागले आणि अधिक वाकवू लागले. हे वाचल्यावर मी मैनाला मोकळ्या दोरीवर चालवून पाहिलं, तंगाशिवाय आणि तंगासह. फरक माझ्यासारख्या हौशी माणसाच्या डोळ्यालाही दिसला.

आकार

म्हणून कापडाआधी आकार ठरवा. नाजूक घोड्यासाठी तंगात दोन गोष्टी हव्यात: कोपरामागे तो आत वळलेला, अरुंद असावा, आणि मधोमध छातीच्या हाडावर रुंद असावा म्हणजे दाब पसरतो. तंगाची जागा फार पुढे असेल तर मधला भाग पुढच्या बाजूला झुकलेला असा तंग घ्या. दुकानदार त्याला ॲनाटॉमिकल म्हणतात. त्यात मधला भाग पुढच्या जागेत बसतो आणि दोन्ही टोकं मागे, पट्ट्यांच्या रेषेत राहतात. हा उलटा बांधला तर सरळ तंगापेक्षाही वाईट. झुकाव डोक्याकडे आहे ना, हे बांधताना दर वेळी पाहा.

सर्वत्र एकाच रुंदीचा, पण रुंद आणि गोल कडांचा सरळ तंग हाही वाईट नाही, जागा बरोबर असेल तर. अरुंद नवारीचा मात्र कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा भरते, तिथे घोड्यांच्या साजाची दुकानं डोळे दिपवतात. मणी, गोंडे, काचा. नाचाच्या किंवा वरातीच्या घोड्याच्या साजाबरोबर येणारा तंग दिखाव्याला ठीक, तासभर स्वार घेऊन जाणाऱ्या घोडीला नको.

मोजमाप

माप घोड्याचं घेऊ नका, खोगिरासह घोड्याचं घ्या. शिंप्याची टेप घ्या, लांब नसेल तर दोरी आणि नंतर दोरी मोजा. खोगिराच्या एका बाजूच्या पट्ट्याला जितकी भोकं असतील त्यातल्या मधल्या भोकापासून सुरू करून, कोपरामागून छातीखालून, दुसऱ्या बाजूच्या मधल्या भोकापर्यंत. जितके इंच येतील तितक्याचा तंग. बाजारात मापं साधारण 2 इंचांच्या फरकानं मिळतात. दोन मापांच्या मधे आलात तर धाकटं घ्या, लवचिक टोकं ताणली जातात आणि नवा तंग थोडा सैलावतो.

मैनाची उंची घोड्यांच्या मापात 14.2 हात, म्हणजे 14 हात आणि 2 इंच; हा हात 4 इंचांचा, म्हणून एकूण 58 इंच. तिला लांब तंग 44 इंचांचा बसला. मी आधी उसना आणलेला 50 चा वापरत होते. पट्ट्यांची सगळी भोकं संपायची, बकलं खोगिराच्या गादीपर्यंत पोचायची, तरी तो सैल. आणि सैल वाटला की मी आणखी ओढायची.

खोगिराला छोटे पट्टे असतील तर लांब तंग लागतो आणि बकलं फ्लॅपखाली, म्हणजे खोगिराच्या बाजूला लोंबणाऱ्या चामड्याखाली, स्वाराच्या मांडीच्या आसपास येतात. ड्रेसाजच्या, म्हणजे रिंगणातल्या शिस्तबद्ध स्वारीच्या, खोगिराचे पट्टे लांब असतात, त्याला आखूड तंग लागतो, आणि तिथे चूक झाली तर बकल थेट कोपराच्या टोकाशी येतं. आखूड तंगाचं बकल कोपराच्या किमान चार बोटं वर असलंच पाहिजे. पाय पुढे ओढून आणि मागे नेऊन, दोन्ही वेळा पाहा.

पट्ट्यांबद्दल एक बारकावा, जो पागेत सहसा कुणी सांगत नाही. तीन पट्टे असलेल्या नेहमीच्या खोगिरात पहिला पट्टा खोगिराच्या आतल्या एका निवारीला, म्हणजे विणलेल्या मजबूत पट्टीला, शिवलेला असतो, दुसरा आणि तिसरा मिळून दुसऱ्या निवारीला. म्हणून बकलं पहिल्या आणि दुसऱ्याला, किंवा पहिल्या आणि तिसऱ्याला लावा. फक्त दुसऱ्या-तिसऱ्याला लावली आणि ती एक निवार तुटली, तर खोगीर सुटलंच.

कातडं, सूत, लोकर, रबर

इथे मतं फार आहेत. माझी सांगते.

चामड्याचा तंग मऊ आणि कडा दुमडून गोल केलेला असेल तर त्याच्यासारखं दुसरं काही नाही. कानपूरच्या खोगीर-सामानाला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे आणि आपल्याकडे येणारं बरंच सामान तिथूनच येतं. पण चामडं विकत घेताना तंग मधून वाकवा, कड गालावर घासून पाहा. गालाला टोचलं तर कोपरामागे सोलणार. नाशिकचा पावसाळा चामड्याचा वैरी आहे. दोन दिवस दमट कोपऱ्यात टांगलं की बुरशी, आणि बुरशीनंतर उन्हात वाळवलं की तडे. सावलीत वाळवून, सॅडल सोप, म्हणजे चामड्याचा साबण, लावून, जरासं तेल द्यायची तयारी असेल तरच घ्या.

सुती दोऱ्यांचा तंग हवेशीर, हलका, धुवायला सोपा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीकडे जातो तेव्हा मैनाला तोच बरा पडतो. मात्र दोऱ्यांच्या मधे कातडी चिमटली जाते, म्हणून दोऱ्या आडव्या विणींनी एकत्र धरलेल्या आहेत का ते पाहा, आणि बांधल्यावर खालून बोट फिरवून केस सपाट करा.

नमद्याचा, म्हणजे दाबून घट्ट केलेल्या लोकरीचा, तंग घाम शोषतो, मऊ असतो, लवकर झिजतो. निओप्रीन, म्हणजे रबरी फोमसारखा, पाण्याखाली धरला की स्वच्छ. नवख्यांना म्हणूनच तो विकला जातो. माझं मत त्याच्या विरुद्ध आहे. घाम आत कोंडतो, पातळ कातडी चिकटून ओढली जाते, आणि काही घोड्यांना त्या रबराचीच ॲलर्जी असते. थंडीत छोट्या फेरीला ठीक.

मेंढीच्या खऱ्या लोकरीचा तंग किंवा गवसणी नाजूक कातडीला सुखावते, दाब पसरवते आणि नकली लोकरीपेक्षा हवा जास्त खेळू देते. पण आपल्या भागात तिचा एक शत्रू आहे, कुसळ. पाऊस सरला की डोंगराच्या कुशीतलं गवत वाळतं आणि ऑक्टोबरपासून अंजनेरीच्या बाजूला किंवा कुठल्याही माळरानावर फेरी मारून आलात की लोकर कुसळांनी भरलेली असते. एक कुसळ राहिलं तरी ते सुईसारखं आत शिरतं. त्या दिवसांत मी गवसणी काढून ठेवते. वापरायचीच असेल तर दर फेरीनंतर उजेडात धरून, उलट्या हातानं केस चाळून वेचायची. घोंगडीचा तुकडा गवसणी म्हणून वापरू नका, तिची लोकर राठ असते. आणि गवसणीनं जाडी वाढते, तेव्हा माप तिच्यासह घ्या.

लवचिक टोकं, म्हणजे इलॅस्टिक, असावं की नाही? असेल तर दोन्ही टोकांना. एकाच टोकाला असेल तर खोगीर एका बाजूला ओढलं जातं. इलॅस्टिक श्वासाला जागा देतं हे खरं, पण त्यामुळे तंग सहज वर ओढला जातो आणि किती आवळला याचा हाताला अंदाज येत नाही. लहान मुलांच्या हातात मी बिनलवचिक तंगच देते.

बांधणं

उत्तम तंगही एका झटक्यात ओढला तर तीच गत. आमच्या पागेत घोड्यांची निगा राखणारे मोतद्दार मामा सांगतात, "ताई, अंग आखडलंय तिचं. जरा चालवा, मग एक भोक वर." तेच बरोबर आहे. घोडी "फुगवते" म्हणतो आपण, पण प्रत्यक्षात ती दुखण्याच्या भीतीनं छाती आणि पोटाचे स्नायू ताठ करते.

खरारा करून, माती-घाम झाडून, खोगीर ठेवा. तंग उजवीकडे आधी अडकवा, मग डावीकडे येऊन खालून हळूच वर घ्या, फक्त टेकेल इतका. थांबा. तिनं चघळलं, मान खाली केली की एक भोक. मग हातानं धरून वीस-तीस पावलं चालवा. परत एक भोक, या वेळी उजवीकडे. दोन्हीकडे साधारण सारख्या भोकांवर यावं. शेवटी दोन्ही पुढचे पाय एकेक करून गुडघ्याखाली धरून अलगद पुढे ओढा म्हणजे सुरकुतीत अडकलेली कातडी सुटते. या कामाला मी घड्याळ लावून पाहिलंय, दहा मिनिटं. आधी मी दहा सेकंदांत उरकत होते.

किती घट्ट? बोटं बाजूला बरगडीवर घालून पाहू नका, तिथे पोकळीमुळे नेहमी सैल वाटतं. छातीखाली, हाडाच्या मधोमध दोन बोटं सपाट, जरा जोर लावून जावीत. स्वार झाल्यावर पाच-दहा मिनिटांनी पुन्हा तपासा.

तंग जास्त आवळण्याचं मोठं कारण जमिनीवरून चढणं हे आहे. रिकिबीत सगळा भार टाकला की खोगीर घसरतं, म्हणून माणूस आवळतो. स्टूल किंवा बांध वापरा, आणि एक भोक सैल राहू द्या. चढ-उताराच्या वाटेवर खोगीर मागे सरकत असेल तर छातीपट्टा लावा, तंगाला आणखी ओढण्यापेक्षा ते बरं. उतरल्याबरोबर तंग दोन भोकं सैल करायची सवय लावा. मग तिला पागेकडे चालत आणा.

पहिले दोन आठवडे

नवा तंग पहिल्या दिवशी वीस मिनिटं, चालीवर. मग दिवसागणिक वाढवा. तंग काढला की ओल्या फडक्यानं घामाचा मिठाचा थर पुसा, तसाच वाळू दिला तर दुसऱ्या दिवशी तो सॅंडपेपरसारखा घासतो. सुती आणि लोकरीचे तंग सौम्य साबणानं धुवा, कपड्यांच्या पावडरीनं नको, आणि साबण निघेपर्यंत दोन-तीन पाण्यांत खळबळा.

मग रोज त्याच जागी हात. गरम लागतंय का, सूज आहे का, केस उलटे फिरलेत किंवा तुटलेत का, घामाचा पट्टा दोन्हीकडे सारखा आहे का. ओल्या पट्ट्याच्या मधे एक कोरडा ठिपका दिसला तर तिथे दाब जास्त आहे, तंग बदलायचा किंवा सरकवायचा, वाट पाहायची नाही. सूज किंवा केस गेलेले दिसले तर त्या दिवसापासून खोगीर बंद.

मैनाला गेल्या हिवाळ्यात मधे रुंद, पुढे झुकलेला, नमद्याचं अस्तर असलेला तंग आणला. पहिल्या आठवड्यात ती तरीही कान पाडायची. तिसऱ्या आठवड्यात मी तंग हातात घेतला तेव्हा ती लसूणघासाच्या पेंढीत तोंड घालून उभी होती आणि तिनं मान वर काढली नाही. डावीकडचे पांढरे केस तसेच आहेत. ते बहुतेक तसेच राहतील, कारण केसाच्या मुळाशी रंग देणाऱ्या पेशीच मेल्यात. खरारा करताना मी अजून तिथे हात हलका ठेवते.